दारू, महसूल आणि व्यसन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुंबई इलाख्याच्या अबकारी कारभाराच्या इतिहासावर काम करते. सांगितलं की समोरच्याला त्यातलं 'दारू' एवढंच ऐकू येतं, आणि मग प्रश्न सुरू होतात. एम.ए.ची मुलं संदर्भ विचारतात, बचत गटातल्या बायका मतदानाचा नियम विचारतात, आणि रात्री अकरानंतर कुणीतरी घरातल्या माणसाबद्दल लिहितं. तीच तीच उत्तरं टाइप करण्यापेक्षा ती इथे एकत्र केली आहेत. आधी इतिहास, मग कायदा आणि पैसा, मग तब्येत, आणि शेवटी आडवळणाचे प्रश्न. मी डॉक्टर नाही. तब्येतीबद्दल इथे आहे ते वैद्यकात सर्वमान्य असलेलं तेवढंच.

१. 'अबकारी' म्हणजे नक्की काय?

शब्द फारसी. आब म्हणजे पाणी. आबकारी म्हणजे दारू गाळण्या-विकण्याचा धंदा, आणि पुढे त्या धंद्यावरचा कर. आजच्या 'राज्य उत्पादन शुल्क' विभागाचं काम तेच. मधल्या काळात याच खात्याच्या नावात 'दारूबंदी' हा शब्द होता. दारू थांबवायची आणि दारूतून पैसा काढायचा, ही दोन्ही कामं एकाच टेबलावर. पुढची बहुतेक उत्तरं या एका गोष्टीतून निघतात.

२. आपल्याकडे दारू इंग्रजांनी आणली, हे खरं का?

नाही. मोहाची दारू, ताडी, माडी हे सगळं आधीपासून होतं. पेशवाईत पुण्यात दारूवर निर्बंध होते, यावरूनच ती होती हे कळतं. इंग्रजांनी बदलली ती दारू कुणी, कुठे आणि कुणाच्या फायद्यासाठी गाळायची ही व्यवस्था.

१८७८चा मुंबई अबकारी कायदा हा इथला मैलाचा दगड. त्याआधी डोंगरपट्ट्यात गावोगाव छोट्या भट्ट्या असत. पाड्यावर लग्न असो की मयत, घरची मोहाची दारू लागायची, आणि ती गाळणं हा काही गुन्हा नव्हता. चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याने जी घडी बसवली तिच्यात छोट्या भट्ट्या बंद झाल्या, गाळप मोठ्या मध्यवर्ती भट्ट्यांत गेलं आणि विक्रीचे मक्ते बड्या ठेकेदारांकडे आले. मुंबई शहराला उरणच्या भट्ट्यांतून दारू जायची. ताडीवर झाडागणिक कर बसला आणि तो इतका चढला की १८८०च्या दशकात ठाणे-वसईकडच्या भंडाऱ्यांनी झाडावर चढणंच थांबवलं. त्याला संप म्हणायला हरकत नाही.

तरीही घरोघरी मोह शिजतच राहिला. मग १८९२मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी वेगळा कायदा आला आणि मोहाची फुलं गोळा करण्यावर, बाळगण्यावरच बंधन आलं. फुलं म्हणजे दारू नव्हे. पावसाळ्याआधीच्या टंचाईत आदिवासी ती भाजून, उकडून खातात, गुरांनाही घालतात. म्हणजे वारली-कातकऱ्यांनी अंगणातल्या झाडाची फुलं वेचली तर गुन्हा, आणि सरकारी परवान्याच्या भट्टीला तीच फुलं पंचमहालातून भरून येणार. ठाणे जिल्ह्याच्या इतिहासात जंगल कायद्याबद्दल जेवढं बोललं जातं त्याच्या निम्मंही या कायद्याबद्दल बोललं जात नाही, याचं मला आश्चर्य वाटतं.

३. 'बेवडा' हा शब्द कुठून आला?

बेवडा म्हणजे दुहेरी. मुळात दोनदा गाळलेल्या कडक दारूला बेवडा म्हणत. मालाचं नाव पिणाऱ्यावर नंतर चढलं.

४. दारूविरोधी चळवळ गांधीजींपासून सुरू झाली ना?

बरीच आधीपासून. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना, १८८०मध्ये, त्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. १९०८मध्ये टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दुकानांसमोर स्वयंसेवकांचे पहारे बसले आणि सरकारने धरपकड केली. दुकानापुढे उभं राहिलेलं पोर गिऱ्हाइकाला हात जोडत होतं, पण सरकारला त्यात महसुलावरचा हल्ला दिसला. दिसणारच.

१९२२-२३ची देवीची चळवळ मला या सगळ्यांत विलक्षण वाटते. पालघरच्या किनाऱ्याकडच्या कोळ्यांतून ती निघाली आणि डांग, सुरतकडे पसरली. देवी अंगात यायची आणि सांगायची: दारू-ताडी सोडा, रोज आंघोळ करा, दारूच्या ठेकेदाराकडे कामाला जाऊ नका. बाहेरचा कुणी पुढारी नव्हता. वर सांगितलेल्या मक्त्यांनी ज्यांना कर्जात बुडवलं, त्यांनीच मक्तेदाराचं गिऱ्हाईक होणं नाकारलं.

आणि डॉ. आंबेडकर. १९२७मध्ये मुंबई कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी साधा हिशेब मांडला: सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करतं आणि अबकारीतून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करतं. निदान दारूतून घेता तेवढं तरी शिक्षणावर द्या, एवढंच मागणं. दारूबंदी हाच राज्याचा पहिला कार्यक्रम असावा, हे मात्र त्यांना मान्य नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, म्हणून एक सांगून दुसरी गाळू नका.

५. १९३९ची मुंबईची दारूबंदी का टिकली नाही?

काँग्रेसच्या प्रांतिक सरकारने १ ऑगस्ट १९३९ला मुंबई शहरात दारूबंदी आणली. खातं डॉ. मंचेरशा गिल्डर यांच्याकडे होतं, तेही नावाजलेले हृदयरोगतज्ज्ञ. अडचण पैशाची होती. इलाख्याच्या उत्पन्नाचा साधारण चौथा हिस्सा अबकारीचा. ते भोक बुजवायला शहरातल्या घर-इमारतींवर दहा टक्के कर लावला. ताडीच्या धंद्यातले पारशी आणि घरमालक असे दोन्ही वर्ग एकदम नाराज झाले. नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळाने महायुद्धाच्या प्रश्नावर राजीनामा दिला आणि पुढच्या वर्षी बंदीची अधिसूचना उच्च न्यायालयात टिकली नाही. लोक प्यायचे थांबले की नाही हे कळण्याइतका वेळच त्या प्रयोगाला मिळाला नाही. म्हणून 'तेव्हाच सिद्ध झालं' असं कुणी म्हणालं, मग ते बंदीच्या बाजूने असो वा विरोधात, तर विश्वास ठेवू नका.

६. आज महाराष्ट्रात दारूबंदी आहे की नाही?

कागदावर आहे. हसू नका, खरंच आहे.

१९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आजही लागू आहे, फक्त नावातल्या 'मुंबई'च्या जागी 'महाराष्ट्र' आलं आहे. त्याच्या बळावर एप्रिल १९५०पासून तेव्हाच्या संपूर्ण मुंबई राज्यात बंदी होती. सर्वोच्च न्यायालयाने १९५१च्या बलसारा खटल्यात कायद्याचा बराचसा भाग वैध ठरवला. अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं यांवरची बंदी आणि आणखी काही तरतुदी तेवढ्या उडवल्या. मोरारजी देसाईंच्या काळातल्या या कडक बंदीतच मुंबईत घराघरांतले 'आंटीचे' गुत्ते फोफावले. १९६०च्या दशकात वसंतराव नाईक सरकारने पकड सैल करायला सुरुवात केली, आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला देशी दारूची परवानाधारक दुकानं उघडली.

कायदा रद्द न करता परवान्यांनी पोकळ केला, म्हणून आजही नियम असा की विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना हवा. बिअरसाठी वय २१, कडक दारूसाठी २५. बारमध्ये गल्ल्यावर एका दिवसाच्या परवान्यांचं पुस्तक असतं. त्यातली पानं दिवसभरात बहुधा गिऱ्हाइकाला न दाखवताच फाडली जातात.

गंमत म्हणजे गुजरातची कडक दारूबंदी याच १९४९च्या कायद्यावर उभी आहे. १९६०मध्ये राज्यं वेगळी झाली, कायदा दोघांनी नेला.

७. सरकारला दारूतून किती पैसा मिळतो? आणि दारू जीएसटीत का नाही?

महाराष्ट्राला नुसत्या उत्पादन शुल्कातून वर्षाला वीस हजार कोटींहून जास्त मिळतात. विक्रीवरचा व्हॅट वेगळा. जून २०२५मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट झालं.

जीएसटी आला तेव्हा पिण्याची दारू घटनेतच त्याबाहेर ठेवली गेली, कारण राज्यांच्या हातात स्वतः दर ठरवता येतील अशा फार थोड्या गोष्टी उरल्या होत्या आणि ही त्यांतली सगळ्यात दुभती. ऑक्टोबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने औद्योगिक अल्कोहोलवरही राज्यांचा अधिकार मानला.

यात उसाला विसरू नका. साखर कारखान्यातून मळी निघते, मळीपासून स्पिरिट, आणि स्पिरिटपासून देशी दारू. ज्या पुढाऱ्याला व्यसनमुक्तीच्या मेळाव्याला बोलावता, त्याच्या कारखान्याला आसवनी (स्पिरिट गाळायची भट्टी) आहे का, एवढं विचारून घ्या.

८. 'बाटली आडवी' करायची तर किती मतं लागतात?

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. २००८पासूनची पद्धत अशी: गावातल्या किंवा वॉर्डातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी (किंवा एकूण मतदारांनी) सह्यांचं निवेदन द्यायचं, सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली.

मेख अशी की बहुमत झालेल्या मतांचं नाही, यादीतल्या एकूण मतदारांचं लागतं. समजा यादीत ८०० बायका आहेत. मतदानाला ५०० आल्या, त्यांतल्या ३९० जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला. जिंकलात असं वाटेल, पण हरलात, कारण ४००च्या वर हव्या होत्या. त्यामुळे मुंबईला कामाला गेलेल्या, सासरी गेलेल्या, अगदी वारलेल्या पण यादीत राहिलेल्या बायकाही उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या जातात. म्हणून सह्या गोळा करण्याआधी मतदार यादी दुरुस्त करून घ्या. मेहनतीचं पहिलं काम तेच.

आणि हे मतदान परवाना असलेल्या दुकानापुरतं. हातभट्टीला ते लागू नाही. हातभट्टी आधीच बेकायदा आहे.

९. दारूबंदीने दारू कमी होते का? एका शब्दात सांगा.

एका शब्दात येणार नाही.

महाराष्ट्रात वर्धा (१९७०च्या दशकापासून) आणि गडचिरोली (१९९३पासून) हे बंदीचे जिल्हे. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ला बंदी आली आणि २०२१मध्ये उठली. गडचिरोलीत बंदीच्या मागे गावोगावच्या बायकांची आणि डॉ. अभय व राणी बंग यांच्या संस्थेची वर्षानुवर्षांची तयारी होती; चंद्रपुरातही मोर्चे मोठे निघाले, पण सगळा भार पुढे पोलिसांवर पडला. दोन्ही ठिकाणी चोरटी दारू आलीच. मात्र चोरटी दारू आली म्हणजे एकूण दारू कमी झाली नाही, असं सिद्ध होत नाही. महाग झाली, लांब गेली, लपून प्यावी लागली, की काही जण कमी पितात. रोजचा पिणारा मात्र घरातलं भांडं विकूनही मिळवतो.

संशोधनातली खरी अडचण मोजमापाची आहे. बंदीपूर्वी आपण विक्री मोजतो. बंदीनंतर विक्रीचा आकडा शून्य होतो, म्हणून आपण जप्ती आणि गुन्हे मोजू लागतो. गुन्हे वाढले, हे पोलीस जागे असल्याचंही लक्षण असू शकतं. अबकारी खात्याच्या शंभर वर्षांपूर्वीच्या वार्षिक अहवालांतही हेच दिसतं: गॅलन कमी झाले की अधिकारी 'लोक सुधारले' लिहितो, आणि पुढच्याच रकान्यात बेकायदा गाळपाचे खटले वाढलेले असतात.

घरोघरी जाऊन विचारलेल्या सर्वेक्षणांबद्दल पुढच्या प्रश्नात पाहा.

१०. एक सर्वेक्षण सांगतं २७ टक्के पुरुष पितात, दुसरं सांगतं १९. खरं कुठलं?

दोन्ही, आपापल्या प्रश्नापुरती. २०१९मध्ये केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या, दिल्लीच्या एम्समधल्या केंद्राने केलेल्या पाहणीत १० ते ७५ वयोगटातले २७.३ टक्के पुरुष आणि १.६ टक्के स्त्रिया पितात असं आलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ वर्षांवरच्या पुरुषांत १८.८ टक्के आणि स्त्रियांत १.३ टक्के. वयोगट वेगळा, विचारण्याची पद्धत वेगळी. दुसऱ्यात प्रश्न घरच्या आरोग्याच्या लांबलचक यादीत येतो, आणि शेजारी बायको-सून उभी असताना 'घेता का?' याचं उत्तर काय येणार ते तुम्हीच ठरवा.

त्याच पाचव्या फेरीत महाराष्ट्रातले १३.९ टक्के पुरुष पितात, आणि २०१६पासून पूर्ण बंदी असलेल्या बिहारमधले १५.५ टक्के. हा आकडा बंदीविरुद्धचा हुकमी एक्का म्हणून फिरतो. पण बिहारमध्ये बंदीपूर्वी प्रमाण किती होतं हे सोबत ठेवल्याशिवाय त्याला अर्थ नाही. दोन राज्यांची तुलना वेगळी, एकाच राज्याची आधी-नंतरची तुलना वेगळी.

११. रोज थोडी घेतली तर हृदयाला चांगली, असं डॉक्टरच सांगतात ना?

काही वर्षांपूर्वी सांगायचे. जुन्या पाहण्यांत न पिणाऱ्यांपेक्षा थोडी पिणारे जास्त जगताना दिसले. पण 'न पिणाऱ्यां'च्या गटात आजारपणामुळे सोडलेलेही मोजले होते. त्यांना वेगळं काढलं की फायदा विरघळत जातो. अल्कोहोल कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८मध्येच म्हटलं होतं, आणि २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित मात्रा नाही असं स्पष्ट केलं.

'थोडी' म्हणजे किती, याचा हिशेबही करून पाहा. ४२.८ टक्क्यांच्या दारूचा ३० मिलीचा पेग म्हणजे सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. क्वार्टर (१८० मिली) म्हणजे सुमारे ६० ग्रॅम. आणि 'मी फक्त बिअर घेतो' म्हणणाऱ्याची ६५० मिलीची, ८ टक्क्यांची स्ट्राँग बाटली सुमारे ४१ ग्रॅम, म्हणजे चार पेग.

१२. हातभट्टीची दारू प्यायल्याने माणूस आंधळा होतो का?

काळा गूळ आणि नवसागर घालून सडवलेली दारू घाणेरडी असते, पण सामूहिक बळी जातात ते बहुतेक वेळा मिथेनॉल मिसळल्याने. ते औद्योगिक रसायन, स्वस्त, आणि प्यायल्यावर आधी साध्या दारूसारखंच चढतं. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि ते डोळ्यांच्या नसेवर जातं. विक्रोळीत २००४मध्ये आणि मालवणीत जून २०१५मध्ये असंच झालं. मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली.

लक्षणं बऱ्याचदा बारा ते चोवीस तासांनी दिसतात. पोटात मुरडा, धाप, डोळ्यांपुढे पांढरं धुकं. 'उतरली नाही' म्हणून झोपवून ठेवू नका. सरळ मोठ्या सरकारी रुग्णालयात न्या आणि कुठली दारू घेतली ते न लाजता सांगा. याला उतारा आहे, पण वेळेत.

१३. वडील रोज पितात. उद्यापासून घरात बाटली येऊच द्यायची नाही असं ठरवलंय. बरोबर ना?

भावना बरोबर, पद्धत धोक्याची. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर पहिल्या दिवसातच हात थरथरतात, घाम फुटतो, फेफरं येऊ शकतं. दोन-तीन दिवसांनी काहींना भास होतात, माणसं-किडे दिसतात. यात जीव जाऊ शकतो. दारू सोडवण्याचे हे पहिले दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढावेत. औषधं आहेत, सोबत ब १ जीवनसत्त्व देतात. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी १९८६मध्ये मुक्तांगण सुरू केलं. तेव्हापासून आपल्याकडे अशी केंद्रं बरीच झाली, पण निवडताना तिथे डॉक्टर खरोखर असतो का आणि मारहाण होत नाही ना, हे आधी जाऊन पाहा. फोनवर बोलायचं असेल तर मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेली-मानस १४४१६ आणि व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६.

१४. जेवणातून गुपचूप द्यायची गोळी असते म्हणे?

ती डायसल्फिराम. घेतल्यावर दारू प्यायली की उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळणं. औषध खरं आहे, पण ते ज्याला माहीत आहे आणि ज्याने हो म्हटलंय त्यालाच द्यायचं. आमटीतून दिलंत आणि त्याने बाहेर जाऊन क्वार्टर मारली तर काय होईल? जाहिरातीतल्या 'न कळत दारू सोडवा' पुड्यांपासून लांब राहा. आधी प्रश्न १३ वाचा.

१५. गोव्याहून दोन बाटल्या आणल्या तर काय होतं?

महाराष्ट्राचं शुल्क न भरलेली दारू परवान्याशिवाय राज्यात आणणं हा गुन्हा आहे. सिंधुदुर्गातल्या नाक्यावर डिकी उघडायला लावतात ती त्यासाठीच. पकडायचं कारण दारूबंदी दाखवतात, बुडतो तो महसूल.

१६. अबकारीची जुनी कागदपत्रं कुठे बघायला मिळतील?

मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. महसूल खात्याच्या दप्तरांत 'अबकारी' असं वेगळं वर्गीकरण सापडतं. नवख्यांसाठी १८८०च्या दशकातलं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर चांगलं. त्यात मोह आणि ताडीचं तपशीलवार वर्णन आहे. सूती हातमोजे नकोत, धुतलेले कोरडे हात पुरतात. पानं कडेने पापडासारखी तुटतात, म्हणून फीत सोडताना घाई करू नका. समासातला शाईचा शेरा हुकमाइतकाच महत्त्वाचा असतो. हुकूम काय आहे ते मधोमध कळतं, तो का काढला ते समासात.

१७. आजोबांच्या पेटीत १९५०च्या दशकातला दारूचा परवाना सापडला. त्यावर 'प्रकृतीच्या कारणास्तव' लिहिलंय. आजोबा आजारी होते का? आम्हाला तर ते धडधाकट आठवतात.

असतीलही धडधाकट. बंदीच्या काळात पिण्याचे कायदेशीर मार्ग मोजके होते, आणि त्यांतला एक तब्येतीचा. दारू प्रकृतीला आवश्यक आहे असं वैद्यकीय प्रमाणपत्र मिळवलं की परवाना मिळे. त्याशिवाय कुटुंबप्रमुखाला मिळणारा 'आणीबाणीचा' परवाना वेगळा, घरात औषधासाठी ब्रँडी, रम किंवा शँपेन ठेवायला. होय, शँपेन, कायद्यातच तसं लिहिलंय. तुमच्या हातात यांतला कुठला आहे ते कलमाच्या आकड्यावरून कळेल: ४०-अ म्हणजे तब्येतीचा, ४०-ब म्हणजे आणीबाणीचा.

मागची पानं उलटून पाहा. महिन्याचा कोटा आणि दुकानदाराच्या नोंदी असतील तर त्या आजाराच्या कारणापेक्षा जास्त विश्वासाच्या. पण नोंद आहे ती विकत घेतल्याची. बाटली आजोबांनी स्वतः संपवली, की दिवाळीला जावयाच्या हातात ठेवली, हे आजीला माहीत असणार.